चिखलातला दस्तरखान

तळ्याकाठचा चिखल पाहून तुम्ही कधी नाक मुरडले आहे का? 'ही पडीक जागा कशाला हवी? भर टाकून बुजवावी,' असे पुष्कळजण म्हणतात. पण हा चिखल म्हणजे पक्ष्यांचा दस्तरखान आहे!

गोदावरी नदीवर पैठणजवळ जायकवाडी धरण आहे. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. त्याचे पाणी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगाव व नेवासा या तालुक्यांपर्यंत पसरते. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले.

हिवाळ्यात एखाद्या सकाळी वडीलधाऱ्यांबरोबर अशा पाणथळ जागी जा. भडक कपडे घालू नका. गोंगाट करू नका. सूर्य पाठीमागे ठेवून उभे राहा; नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतील. मग तीन गोष्टी पाहा. चोच कशी आहे? पाय कसे आहेत? पक्षी काय करत आहे?

शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब व गुलाबी असतात. तो उथळ पाण्यात चालत बारीक चोचीने किडे टिपतो. चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवतो. रोहित मान खाली घालून वाकड्या चोचीने पाणी गाळतो आणि त्यातील बारीक जीव खातो. पाणकावळा मात्र खोल पाण्यात बुडी मारून मासे पकडतो. मग काठावर बसून पंख पसरून वाळवतो.

पाहिलेत? शेकाट्या उभा आहे तेथे पाणी उथळ. पाणकावळा बुडी मारतो तेथे खोल. पाण्यात न उतरताही पक्षी आपल्याला पाण्याची खोली सांगतात! आता विचार करा. भर टाकून काठ बुजवला, तर मधले खोल पाणी राहील. पाणकावळाही राहील. पण शेकाट्याने कोठे जावे?

मुंबईच्या सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे त्यांना कळेना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्यांना जतन केलेले अनेक पक्षी दाखवले. त्या एका प्रश्नातून पुढे थोर पक्षितज्ज्ञ घडला.

तुम्हीही वही ठेवा. तारीख, वेळ, जागा व पक्षी लिहा. नाव माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. चित्र काढा आणि जाणकारांना विचारा. कारण ज्याला आपण ओळखतो, त्याचे घर बुजवायला आपला हात धजत नाही.

शब्दार्थ
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी ओलसर जागा
उथळ – कमी खोल
धजणे – धाडस होणे

स्वाध्याय
१. पक्षी पाहताना सूर्य पाठीमागे का असावा?
२. काठ बुजवल्यास शेकाट्याचे नुकसान का होते?
३. तुमच्या गावाजवळच्या पाणथळ जागेविषयी पाच वाक्ये लिहा.