रंग फसवतो, बंध सांगतो : रामन वर्णपटमापनाचा परिचय

जिप्सम, शेतीचा चुना आणि केओलीन या तिन्ही भुकट्या पांढऱ्या असतात. गोणीवरील नाव झाकले, तर नुसत्या डोळ्यांनी त्या ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. त्यांचे कार्य मात्र अगदी भिन्न आहे. चोपण जमिनीत जिप्सममधील विद्राव्य कॅल्शियम सोडियमला विस्थापित करते. चुना अशा जमिनीत फारसा विरघळतच नाही. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीचा सामू वाढवायचा असेल तर चुना हवा. तेथे जिप्समचा उपयोग होत नाही. केओलीनचा फवारा डाळिंबाच्या फळाचे उन्हापासून रक्षण करतो आणि त्याचा पातळ थर काही किडींना पृष्ठभागावर बसण्यास व अंडी घालण्यास प्रतिकूल ठरतो. ओळख चुकली, तर पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जातात.

योगायोग असा, की हीच तीन पांढरी द्रव्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही आढळतात. त्यामुळे पुरातत्त्वज्ञ आणि कृषी अधिकारी या दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : समोरचा पदार्थ नेमका कोणता? त्याचे उत्तर देणाऱ्या साधनांपैकी रामन वर्णपटमापन हे एक महत्त्वाचे साधन आहे.

तत्त्व

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने हा परिणाम शोधला. या कार्यासाठी १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पहिल्या निरीक्षणांत सुमारे साठ द्रव पदार्थांचा समावेश होता.

पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला असता बहुतांश प्रकाश आपला रंग न बदलता विखुरतो. त्यातील अत्यल्प भाग, स्थूलमानाने कोटीत एखादा प्रकाशकण, रेणूंमधील बंधांच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून बाहेर पडतो आणि त्याचा रंग किंचित बदलतो. हा बदल ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात मोजतात. प्रत्येक बंधाचे कंपन ठराविक असल्याने आलेखावर ठराविक जागी शिखरे उमटतात. म्हणजे हे उपकरण पदार्थाचा रंग पाहत नाही, त्यातील बंध वाचते. १९६० नंतर लेसर उपलब्ध झाल्याने ही पद्धत सुलभ झाली. आज हातात धरण्याजोगी उपकरणेही मिळतात.

खनिजे

आपल्या तीन भुकट्यांची ठळक शिखरे अशी :

• जिप्सम : १००८ (सल्फेट)
• चुनखडीतील कॅल्साइट : १०८६ (कार्बोनेट)
• केओलीन : ३६२० ते ३७०० दरम्यानचा शिखरसमूह (हायड्रॉक्सिल)

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. युरियाचे ठळक शिखर १०१० च्या जवळ, म्हणजे जिप्समच्या अगदी शेजारी येते. केवळ एका शिखरावरून निर्णय घेतल्यास गफलत होऊ शकते. जिप्समची ४१५ व ४९३ जवळची आणि युरियाचे ५५० च्या आसपासचे शिखर पाहिल्यावरच भेद स्पष्ट होतो. पिकावरील किडीची ओळखही आपण एका ठिपक्यावरून करीत नाही. अनेक लक्षणे जुळल्यावरच करतो.

प्राचीन कलावस्तू

अजिंठ्यातील रंगद्रव्यांत काजळी वगळता बहुतेक खनिजे आहेत : तांबडा व पिवळा गेरू, हिरवी माती, वर उल्लेखिलेली पांढरी द्रव्ये आणि लाजवर्द हा निळा दगड. लाजवर्दाचे प्राचीन काळचे प्रसिद्ध उगमस्थान आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शान हे होय. निळा रंग ताम्रयुक्त अझुराइटचाही असू शकतो. परंतु लाजवर्दाचे ५४८ जवळचे शिखर हा संशय दूर करते. अशा चित्राचा मोहरीएवढा तुकडा काढणेही हानिकारक असते. येथे स्पर्श न करता परीक्षण होते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

द्रावणे

पाणी अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते, परंतु रामन आलेखात ते फिकट दिसते. म्हणून जलीय द्रावणातील घटक या पद्धतीने चांगले ओळखता येतात. नायट्रेटचे शिखर १०४८ जवळ आणि सल्फेटचे ९८१ जवळ मिळते. ठिबकच्या टाकीतील संहत खतद्रावणासाठी हे उपयुक्त आहे. मात्र विहिरीच्या पाण्यातील किंवा फळावरील अत्यल्प अंश साध्या रामन उपकरणाच्या आवाक्याबाहेर असतात. सोने-चांदीच्या सूक्ष्म कणांचा आधार घेऊन संकेत वाढविता येतो. तरीही कीटकनाशकांच्या अवशेषांचा निर्णय वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन करणाऱ्या प्रयोगशाळेकडूनच घ्यावा.

मर्यादा

पहिली मर्यादा खतांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. म्युरेट ऑफ पोटॅश आणि खाण्याचे मीठ या दोघांच्या स्फटिकरचनेत नेहमीचा रामन संकेत मिळतच नाही. त्यामुळे पोटॅशमधील मिठाची भेसळ हे उपकरण पकडू शकत नाही. तांबड्या पोटॅशच्या आलेखात शिखर दिसलेच, तर ते रंग देणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गेरूतील द्रव्याचेच असण्याची शक्यता असते.

दुसरी मर्यादा अनुस्फुरणाची. ह्यूमसयुक्त माती, शेणखत किंवा वनस्पतींचे तंतू लेसरखाली स्वतःच चमकतात आणि त्या झगमगाटात शिखरे बुडून जातात. वेरूळच्या सहाव्या शतकातील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती ओळख इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व अवरक्त वर्णपटमापनाने पटविण्यात आली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नसल्याने तेथे कीटकांचे नुकसान अधिक झाले असावे, असा संशोधकांचा कयास आहे. रंगासाठी एक साधन, तंतूसाठी दुसरे, हा यातील धडा आहे.

तिसरी मर्यादा नमुन्याची. लेसरचा ठिपका अत्यंत लहान असतो. एका ठिपक्याचा निष्कर्ष संपूर्ण गोणीला लागू होत नाही. नमुना नीट मिसळून अनेक ठिकाणी वाचन घ्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हातातील यंत्राने ‘तत्काळ तपासणी’ देऊ करणाऱ्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : या पदार्थाचा रामन संकेत मुळात मिळतो काय? किती अल्प प्रमाणापर्यंत हे यंत्र वाचू शकते? किती शिखरांची जुळणी करून ते नाव सांगते? लेसर डोळ्यांस घातक असल्याने संरक्षक चष्म्याशिवाय तो वापरू देऊ नये.

यंत्र नसले तरी पहिली चाचणी सोपी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास चुन्याच्या दगडाची भुकटी फसफसते. शुद्ध जिप्सम व केओलीन फसफसत नाहीत. संशय बळावल्यास खत निरीक्षकास कळवावे. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नुसार विधिवत घेतलेल्या नमुन्याचा अधिसूचित प्रयोगशाळेचा अहवालच कारवाईस आधार ठरतो. खरेदीची पावती आणि गोणीवरील खूणपट्टी तोपर्यंत जपून ठेवावी.