उभ्या गाडीची टाकी

आमच्या फुलसावंगीत पेरणी आटोपली की कितीतरी गाड्या गोठ्याशेजारी उभ्या राहतात, त्या सोयाबीन निघेपर्यंत. नंतर ‘पिकअप घेत नाही, झटके मारते’ म्हणत गॅरेजला येतात. बहुतेकींचं दुखणं टाकीत असतं: आतून जंग.

१. उभी करायची तर टाकी भरून. रिकाम्या जागेत हवा असते. रात्री पत्रा गार झाला की हवेतल्या ओलीचे थेंब धरतात आणि ओघळून तळाला जातात. पाणी पेट्रोल-डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाचा पत्रा आधी सडतो.

२. पेट्रोल मात्र फार दिवस साठवू नका. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं. इथेनॉल ओल ओढून घेतं. गाडी चालती असेल तर ती ओल जळून जाते. उभ्या गाडीत ती वाढली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन खाली बसतात. पत्र्याच्या टाकीच्या जुन्या गाड्यांना याचा त्रास जास्त. मधूनमधून गाडी चालवा, ताजं पेट्रोल टाका.

३. जुना फिल्टर फेकण्याआधी पांढऱ्या फडक्यावर उलटा झटका. लालसर-तपकिरी, बोटाला खरखरीत लागणारी भुकटी निघाली तर टाकी गंजली आहे. काळे, मऊ कण असतील तर बहुधा रबराची नळी झडतेय. गंज निघाल्यावर नुसता फिल्टर बदलणं म्हणजे पैसे वाया. टाकी उतरवून साफ करावीच लागते.

४. डिझेल गाडीचं पाणी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी काढा. रात्रभरात ते खाली बसलेलं असतं. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत धरा. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो. पंपाला आणि नोझलला वंगण डिझेलचंच, त्यामुळे पाणी गेलं की ते घासतात. हा खर्च फार मोठा.

५. टाकीच्या पट्ट्यांखाली अडकलेली काळी माती धुऊन काढा. खताची पोती वाहिली असतील तर त्याच दिवशी.

६. गळकी टाकी वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ साठलेली असते, एका ठिणगीने ती फुटते. ‘पाण्याने धुतलीय’ असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. सरळ दुसरी टाकी बसवा.