ल्यों शहरची दिव्यांची वाट

अलीकडे युरोप, ऑस्ट्रेलिया इत्यादि खंडांतील मोठमोठ्या नगरांत एका नवीन प्रकारचें प्रदर्शन भरूं लागलें आहे. त्यास दरवाजा नसतो, छप्पर नसतें, व तिकीटही नसतें. सायंकाळ झाली म्हणजे लोक एका ठरीव वाटेनें चालूं लागतात, आणि त्या वाटेवर कलावंतांनीं ठिकठिकाणीं प्रकाशाचीं चित्रें मांडलेलीं असतात : कोठें इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, कोठें नदीच्या पाण्यावर, तर कोठें झाडांच्या फांद्यांत. इंग्लंडांतील डरॅम व ऑस्ट्रेलियांतील सिडनी या शहरांनीं इ. स. २००९ सालीं असे उत्सव सुरू केले. परंतु या दोहोंहून जुना व अधिक नांवाजलेला उत्सव फ्रान्स देशांतील ल्यों शहराचा. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस वाचावयास आवडेल असें वाटून आम्हीं ती येथें देण्याचें योजिलें आहे.

ल्यों हें शहर रोन व सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलें असून पूर्वीं रेशमी कापडाकरितां जगप्रसिद्ध होतें. सोन नदीच्या पश्चिम तीरावर फूर्व्हिएर नांवाची टेकडी आहे. १६४३ सालीं प्लेगचें भय पसरलें असतां नगराच्या अधिकाऱ्यांनीं नवस केला कीं, आमचें शहर वांचलें तर प्रभूची माता मरीया हिच्या नांवानें आम्ही दरवर्षीं या टेकडीवर मिरवणुकीनें जाऊं. (मरीयेस द्यावयाच्या मानाविषयीं रोमन कॅथॉलिक मंडळीचें व आमच्या मंडळीचें एकमत नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे, पण तो वाद बरोबर घेऊन या वाटेनें निघाल्यास दिवे पाहावयाचे राहून जातील.)

पुढें दोन शतकांनीं, टेकडीवरील जुन्या प्रार्थनामंदिराच्या मनोऱ्यावर बसविण्याकरितां फाबिश नांवाच्या शिल्पकारानें मरीयेचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा घडविला. त्याच्या स्थापनेचा समारंभ ८ सप्टेंबर १८५२ रोजीं व्हावयाचा होता; पण सोन नदीस पूर येऊन काम अडलें व समारंभ ८ डिसेंबरावर गेला. त्या दिवशींही वादळ आणि पाऊस! रात्रींचें शोभेचें दारूकाम पुढें ढकलावें असा अधिकाऱ्यांचा विचार चालला. सायंकाळीं मात्र आकाश निवळलें. मग हुकूम नाहीं, दवंडी नाहीं. घरोघर लोकांनीं आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लाविल्या आणि गीतें गात ते रस्त्यांवर उतरले. तेव्हांपासून ८ डिसेंबरास ल्योंच्या खिडक्यांत दिवे लावण्याचा प्रघात पडला. हा दिवा म्हणजे उभ्या रेघांचा लहानसा कांचेचा पेला व त्यांत एक आंखूड मेणबत्ती. त्यास तेथें ल्युमिन्यों म्हणतात. आपल्या पणतीप्रमाणेंच तो घरांत उजेड पाडण्याकरितां नसून बाहेरून जाणाऱ्याकरितां असतो. आमच्या मतें सर्व उत्सवाचें बीज या पेल्यांत आहे.

१९८९ सालीं नगरपालिकेनें शहरांतील जुन्या इमारती, पूल व नदीचे घाट रात्रीं कसे उजळावेत याची योजना आंखली, आणि १९९९ पासून ८ डिसेंबरच्या सुमारास बहुधा चार रात्रींचा प्रकाशोत्सव भरूं लागला. खर्च कांहीं नगरपालिका व कांहीं व्यापारी कंपन्या सोसतात. पाहणाऱ्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. चांगल्या वर्षीं वीस लाखांच्या आसपास लोक येतात.

आतां आपण वाटेस लागूं. आरंभ तेरोच्या चौकापासून करावा. पूर्वेस नगरभवन, दक्षिणेस एका जुन्या मठाच्या इमारतींतील कलासंग्रहालय, आणि चौकांत बार्तोल्दी या शिल्पकाराचें कारंजें आहे. न्यूयॉर्क बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेचा प्रचंड पुतळा घडविणारा तो हाच. उत्सवांत येथील इमारतींच्या भिंती चित्राचा पडदा होतात. अशा चित्रांत दगडी खांब डोलूं लागतात, खिडक्यांतून वेली बाहेर पडतात, सबंध इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते व पुनः उभी राहते. लहान मुलास ही जादू वाटेल. हायस्कुलांतील विद्यार्थ्यानें मात्र 'हें कसें?' असें विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

युक्ति अशी कीं, प्रथम इमारतीचीं बारीक मोजमापें घेऊन प्रत्येक खिडकी, कमान व खांब यांचा संगणकावर हुबेहूब नकाशा करितात. मग चित्र त्या नकाशावरच काढितात. समोर ठेवलेल्या प्रक्षेपक यंत्रांतून तें भिंतीवर सोडलें म्हणजे चित्रांतील खांब खऱ्या खांबावर तंतोतंत बसतो. म्हणून चित्रांतला खांब हालला कीं डोळ्यांस खराच हालल्याचा भास होतो. एका यंत्राचा प्रकाश मोठ्या भिंतीस पुरत नाहीं, कारण अंतर दुप्पट झालें कीं तोच प्रकाश चौपट जागेवर पसरून चतुर्थांश उरतो. यास्तव अनेक यंत्रें लावून त्यांच्या चित्रांच्या कडा एकमेकींवर बेमालूम बसवितात. उत्सव संपल्यावर दगडावर एक ओरखडाही राहत नाहीं.

या यंत्रास सर्व रंग पाडतां येतात, परंतु काळा पाडतां येत नाहीं. काळा म्हणजे जेथें प्रकाश पडला नाहीं ती जागा. चित्रांतील सावल्या रात्रीकडूनच उसन्या घ्याव्या लागतात, व त्याकरितां जवळपासचे रस्त्यांवरील दिवे मंद करावे लागतात किंवा मालवावे लागतात. रंगांचा प्रयोग तर घरींही करतां येईल. तीन बॅटऱ्यांच्या तोंडांवर तांबडा, हिरवा व निळा असे पारदर्शक कागद बांधून अंधाऱ्या खोलींत त्यांचा उजेड पांढऱ्या भिंतीवर एकाच जागीं पाडावा. तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो, आणि तिन्ही मिळून जवळजवळ पांढरा होतो. चित्रकलेच्या तासाला हेच रंग पाण्यांत कालविले तर असें होत नाहीं. तें कां, हें विद्यार्थ्यांनीं आपल्या विज्ञानशिक्षकांस विचारावें.

भिंतीवर हालतीं चित्रें पाडणें ल्योंला नवें नाहीं. ल्युमिएर बंधूंचा कारखाना याच शहरांतला, आणि त्यांचें १८९५ सालचें प्रसिद्ध चलच्चित्र म्हणजे त्याच कारखान्यांतून बाहेर पडणारे कामकरी होत. फ्रेंच भाषेंत 'ल्युमिएर' या शब्दाचा अर्थच प्रकाश. आडनांवाचा हा योगायोग मोठा गमतीचा आहे. त्यांचीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं, तेव्हां या विद्येशीं आपलीही ओळख बरीच जुनी आहे.

तेरोहून सोन नदीच्या कांठीं यावें व पूल ओलांडून जुन्या शहरांत शिरावें. येथें संत योहानाचें मुख्य मंदिर आहे. त्याचें काम बाराव्या शतकांत सुरू होऊन पंधराव्यांत पुरें झालें. अशा इमारतीपुढें उभें राहिल्यावर चित्राची पारख होते. कांहीं चित्रकार भिंतीस नुसता कोरा कागद समजतात. रंगांचा भडिमार होतो, वाद्यांचा गजर होतो, व पांच मिनिटांनीं मनांत कांहींच उरत नाहीं. दुसरे कांहीं इमारतीचा इतिहास व तिची ठेवण ध्यानांत घेऊन चित्र काढतात; तें पाहिल्यावर दिवे गेले तरी दगडांकडे पाहावेंसें वाटतें. आम्हांस दुसरा प्रकार पसंत आहे. गर्दी मात्र दोन्ही ठिकाणीं सारखीच. आईबापांनीं मुलांचा हात सोडूं नये, आणि डिसेंबरची थंडी कडक असल्यामुळें लोकरीचे कपडे विसरूं नयेत.

या उत्सवाची खरी कसोटी दोन वेळां लागली. नोव्हेंबर २०१५ मध्यें पॅरिस येथें झालेल्या भीषण हल्ल्यांत १३० माणसें मारलीं गेलीं. ल्योंचा उत्सव अवघ्या कांहीं आठवड्यांवर होता; मोठ्या गर्दीच्या जिवास धोका नको म्हणून तो रद्द झाला. तरी ८ डिसेंबरास लोकांनीं खिडक्यांत ल्युमिन्यों लाविले, आणि त्या वर्षीं ते मेलेल्यांच्या स्मरणार्थ होते. पुनः २०२० सालीं कोरोनाच्या सांथीमुळें मोठा उत्सव झाला नाहीं; रस्ते ओस होते, पण खिडक्या उजळल्या. ज्या शहरानें १६४३ सालीं सांथीच्या भयानें नवस केला, त्याच शहरावर सांथीच्या दिवसांत पुनः घरच्या दिव्यावर भागविण्याचा प्रसंग यावा, हें इतिहासाच्या वाचकाच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. यंत्रांस वीज लागते, परवानगी लागते, पैसा लागतो. या दिव्यास एक काडी पुरली.

मंदिरापासून फूर्व्हिएरवर जाण्यास दोरानें ओढली जाणारी आगगाडी आहे. पाय धड असतील त्यानें चालत जावें. वरून दोन्ही नद्या, पूल व उजळलेले चौक एका दृष्टिक्षेपांत दिसतात, आणि मोठ्या दिव्यांच्या मधल्या काळोखांत डोळे जरा स्थिरावले म्हणजे घरांच्या खिडक्यांतील बारीक ठिपके दिसूं लागतात. उतरतांना रस्त्यांत हेच कांचेचे पेले विकावयास ठेवलेले आढळतात. त्यांचें उत्पन्न दरवर्षीं एखाद्या परोपकारी संस्थेस दिलें जातें. सबंध सायंकाळ फुकट पाहिल्यावर ज्यास कांहीं द्यावेंसें वाटेल, त्यानें तेथें एक पेला विकत घ्यावा व उतरलेल्या घरच्या खिडकींत लावावा.