रिकाम्या हाताची विद्या

आम्ही एका गावी वर्ग घ्यायला गेलो होतो. गाव छत्रपती संभाजीनगरपासून वीसेक किलोमीटरवर. वर्ग संपला तशा एक मावशी जवळ आल्या. म्हणाल्या, "पोरगी शहरात अकरावीला हाये. येताना एस. टी. उशिरा येती. फाट्यापासून अंधारात एकलीच चालत येती. जीव टांगणीला लागतो. तिचं शिकणंच बंद करावं म्हणते."

शेजारच्या बाईंनी विचारले, "शहरातल्या पोरी कराटे शिकतात म्हणं. ते काय असतं?"

चांगला प्रश्न. आज आपण त्याचाच धडा वाचू.

कराटे हा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ रिकामा हात. हातात काठी नाही, सुरी नाही. आपले हातपाय हेच साधन. ही विद्या ओकिनावा नावाच्या बेटावर वाढली. हे बेट जपानच्या दक्षिणेला आहे. तिथे गिचिन फुनाकोशी नावाचे एक शाळामास्तर होते. लहानपणी ते फार अशक्त होते. कराटे शिकून त्यांची प्रकृती सुधारली. १९२२ साली त्यांनी टोकियो शहरात ही विद्या लोकांना दाखवली. मग ती जगभर पसरली. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्येही कराटेच्या स्पर्धा झाल्या.

फुनाकोशी मास्तरांची शिकवण अशी, की कराटे शिकलेल्याने पहिला वार कधी करू नये. आपल्या तालमीतला वस्तादही हेच सांगतो. अंगात बळ आले की जिभेवर नरमाई यावी.

आता सुरुवात कशी करायची ते पाहू.

जागा सपाट हवी. अंगण झाडून घ्यावे. खडे, काचा वेचाव्यात. उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन फार. म्हणून सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना सराव करावा. जवळ पाणी ठेवावे. पांढरा पोशाख पहिल्या दिवशी लागत नाही. सैल सलवार-कमीज चालते. ओढणी, बांगड्या, कानातले काढून ठेवावे. नखे कापावीत.

आधी गुरूला आणि सोबत्यांना वाकून नमस्कार. मग अंग मोकळे करायचे. मान, खांदे, कंबर, गुडघे हळूहळू फिरवायचे.

मग मूठ. चार बोटे घट्ट मिटा. अंगठा बाहेरून बोटांवर ठेवा. अंगठा मुठीच्या आत ठेवला तर ठोसा मारताना तो मोडू शकतो. पुष्कळ जण इथेच चुकतात.

मग उभे राहणे. एक पाय पुढे, एक मागे. पुढचा गुडघा वाकवलेला. पाठ ताठ. नांगर धरणाऱ्याला हे लवकर जमते. पाय भक्कम नसले तर हाताला जोर येत नाही.

मग ठोसा. एक हात पुढे जातो, तेव्हा दुसरा कमरेशी मागे येतो. ठोशासोबत पोटातून मोठा आवाज काढायचा. हा आवाज फार कामाचा. तो ऐकून समोरचा दचकतो आणि चार माणसेही धावून येतात.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, तासभर सराव पुरे. पहिला पट्टा पांढरा असतो. काळ्या पट्ट्याला काही वर्षे लागतात. दर महिन्याला पैसे घेऊन नवा पट्टा देणारा गुरू असेल, तर सावध राहा. शिकवणी आधी स्वतः बसून पाहा. पालकांना बसू न देणारी जागा टाळा. मुलगी म्हणाली, "मला तिथं बरं वाटत नाही," तर तिचे ऐका. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

खर्चाची चिंता आहे? समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या मुलींना तीन महिने स्वसंरक्षण शिकवण्याची सोय आहे. आपल्या शाळेत ते चालते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. दहा पालक मिळून गेले, तर विचारणे सोपे जाते.

एक गोष्ट खरी सांगतो. कराटे म्हणजे जादू नव्हे. चार गुंडांपुढे एकटीने लढू नये. ओरडावे, संधी मिळताच पळावे, उजेडात यावे. ११२ या क्रमांकावर पोलीस मिळतात. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही आकडे दारामागे खडूने लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते!

मावशींनी शेवटी विचारले, "मग पोरीला धाडू म्हणता?"

आम्ही म्हणालो, "मावशी, धाडा. पोरीनं मूठ आवळायला शिकावं. फाट्यावर दिवा लावायचं काम मात्र गावाचं. वाईट वागणारा दुसराच, मग शिकणं पोरीचं का बंद व्हावं?"

पुढच्या ग्रामसभेत फाट्यावरच्या दिव्याचा अर्ज द्यायचे ठरले. अर्ज मावशींनी स्वतःच्या हाताने लिहिला.

सांगा पाहू :
१. कराटे या शब्दाचा अर्थ काय?
२. मूठ आवळताना अंगठा कोठे ठेवावा? का?
३. तुमच्या गावात रात्री कोणत्या रस्त्यावर उजेड नाही? त्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहा.