एटीएमच्या दारात भीड नको

कापडाच्या धंद्यात रोकड लागतेच. रंगारी, भरतकाम करणारा कारागीर, हमाल, टेम्पोवाला यांतील बरेच जण आजही मजुरी हातातच घेतात. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली, तरी पगाराच्या दिवशी एटीएमसमोरची रांग संपलेली नाही. जेथे रांग आणि घाई, तेथे ठगही उभा असतो.

एटीएमची चोरी म्हणजे यंत्राची करामत, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या बाजारात जे कानावर येते ते निराळे आहे. बहुतेक वेळा यंत्र ठीक असते, घात होतो तो मदत करणाऱ्या अनोळखी माणसाकडून. वयस्क कारागीर पडद्यावरील इंग्रजी पाहून गोंधळतो. मागे उभा असलेला एखादा तरुण अदबीने म्हणतो, "चाचा, द्या इकडे, मी काढून देतो." तो पिन विचारतो किंवा दाबताना पाहून घेतो, पैसे काढून देतो, कार्डही परत देतो. मात्र परत दिलेले कार्ड दुसऱ्याचेच असते. बँक तीच, रंग तोच, म्हणून संशय येत नाही. घरी पोहोचेपर्यंत खाते साफ झालेले असते.

थानाची किनार पाहून माल कोणत्या गिरणीचा हे सांगणारी आपण माणसे. मग आपले कार्ड आपल्याला ओळखता येऊ नये काय? आम्ही कार्डामागच्या पट्टीवर उर्दूत सही करून ठेवली आहे. एक नजर टाकली की पुरे. ज्यांना सही जमत नाही त्यांनी शेवटचे चार आकडे ध्यानात ठेवावेत. पुष्कळ यंत्रांत मराठी किंवा हिंदी भाषा निवडता येते, हेही अनेकांना ठाऊक नसते. बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रावर, शाखा उघडी असताना, मुलाला बरोबर नेऊन दोन-चार वेळा सराव करावा. अनोळखी माणसाला "नको" म्हणताना संकोच वाटतो, हे खरे. पण भीड ही भिकेची बहीण आहे.

दुसरा प्रकार कार्ड अडकण्याचा. कार्डाच्या फटीत चोराने काहीतरी चिकटवलेले असते आणि जवळच मदतीचा म्हणून एक फोन नंबर लावलेला असतो. त्या नंबरावर बोलणारा चोराचाच साथीदार! बँकेचा खरा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि तो अडकलेल्या कार्डाबरोबर आतच जातो. म्हणून तो आजच वहीत आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवावा. कार्ड निघत नसेल तर जागा न सोडता तेथूनच फोन करून ते बंद करावे. कधी नोटा बाहेर येण्याच्या फटीत पट्टी बसवलेली असते. पैसे आले नाहीत असे समजून आपण निघतो आणि मागून चोर ते काढून घेतो. तेव्हा फट नीट पाहावी.

कार्डाची नक्कल करणारे यंत्र फटीवर बसवून वर छोटा कॅमेरा लावण्याचा प्रकार पूर्वी फार चाले. रिझर्व्ह बँकेने जुनी पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी बँकांना 31 डिसेंबर 2018 ची मुदत दिली होती. चिपची नक्कल सोपी नाही. तरीही फट किंवा आकड्यांची पाटी हलत असेल तर ते यंत्र सोडावे, आणि पिन दाबताना दुसऱ्या हाताची ओंजळ वर धरावी.

आता आपल्या घरातील गोष्ट. आमच्या पेठेत कार्ड आणि पिन दोन्ही मुनिमाकडे किंवा भाच्याकडे देण्याची रीत आहे. मुलगा इमानदार असेल, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. प्रश्न कायद्याचा आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले तर साध्या बचत खात्यावर आणि लघुउद्योगाच्या चालू खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा. परंतु पिन आपणच दुसऱ्याला सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान आपले. म्हणजे भाच्याने काही केले नाही, त्याच्याकडून पिन चोराला कळला, तरी ढाल आपण आधीच टाकून दिलेली असते.

आणखी एक घोळ असा की खात्याला मोबाईल नंबर असतो हिशेबनीसाचा. पैसे निघाल्याचा संदेश मालकाला चार दिवसांनी कळतो. नंबर मालकाचाच हवा. मजुरीसाठी वेगळे खाते ठेवून त्यात आठवड्यापुरतीच रक्कम टाकावी, म्हणजे चोर शिरला तरी गल्ला वाचतो. कार्डावर रोज किती पैसे निघावेत याची मर्यादा ग्राहकाला स्वतः लावता येते. ही सोय देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये काढला.

पिन उलटा दाबला की पोलीस येतात, अशी एक अफवा वर्षानुवर्षे फिरते आहे. ती साफ खोटी आहे. तिच्या भरवशावर राहू नये.

खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा आल्या नाहीत, तर बँकेने त्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत जमा करावेत आणि पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये द्यावेत, असा आदेश सप्टेंबर 2019 मध्ये निघाला. तो अनेक व्यापाऱ्यांना माहीत नसल्याने कोणी मागत नाही. पावती जपून लेखी अर्ज द्यावा, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि पैसे चोरीलाच गेले असतील तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करावे, लगेच 1930 या सरकारी नंबरावर कळवावे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, मग पोलीस ठाण्यात जावे.