15 मिनिटांच्या डावातला वेग: दिव्या देशमुखचा खेळ आणि आपला धंदा



गडचिरोलीच्या कार्यशाळेत एका ताईंनी मला विचारलं, "सर, तुमी म्हणता विचार करून निर्णय घ्या. पण गिऱ्हाईक फोनवर राह्यते. त्याले काय म्हणू, थांब बापा, विचार करून सांगतो?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र मला त्या वेळी नीट देता आलं नाही. वेग या विषयावरच्या व्हिडिओत वेळेअभावी बरंच राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरण बुद्धिबळाचं घेतलं आहे. बुद्धिबळ येत नसेल तरी चालेल, मलाही फार येत नाही.

उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. नागपूरची दिव्या देशमुख. जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातल्या बटुमी शहरात तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. एरवी ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. बटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे एकही नॉर्म नव्हता. ही स्पर्धा जिंकणाऱ्याला किताब थेट मिळतो, तसा तो तिला मिळाला. वय 19 आणि स्पर्धेतलं मानांकन 15वं. म्हणजे कागदावर तिच्यापुढे चौदा जणी होत्या.

(नागपूरचं पाणीच वेगळं आहे म्हणा. रौनक साधवानी 2019 मध्ये 13व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ताने 2021 मध्ये तिन्ही नॉर्म 24 दिवसांत मिळवले. चंद्रपूरपासून दीडशे किलोमीटरवरची ही पोरं आहेत, हे आपल्याला माहीत असायला हवं.)

आता मुद्द्याकडे येतो. या विश्वचषकात प्रत्येक फेरीत आधी दोन मोठे डाव होतात. त्यात पहिल्या 40 चालींसाठी प्रत्येकीला 90 मिनिटं मिळतात. बरोबरी झाली की जलद डाव, म्हणजे रॅपिड. त्यात प्रत्येकीला 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे 10 सेकंद वाढीव. दिव्याच्या तीन लढती या जलद डावांपर्यंत गेल्या: दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनेर, मग आपली द्रोणवल्ली हरिका आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी. तिन्ही तिने जिंकल्या. हंपी तर त्या वेळची जगज्जेती रॅपिड खेळाडू होती, 2019 आणि 2024 अशी दोनदा. जिचं दुकानच जलद खेळाचं, तिला तिच्याच दुकानात हरवणं म्हणजे काय ते लक्षात घ्या.

आणि हे एकदाच जमलेलं नव्हतं. 2023 मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत ती ऐनवेळी दुसऱ्या खेळाडूच्या जागी आली. तिथे तिचं मानांकन सगळ्यांत खाली होतं, तरी महिलांचा रॅपिड विभाग तिने जिंकला. जून 2025 मध्ये लंडनला सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत, म्हणजे याहूनही जलद डावात, तिने हो यिफानला हरवलं. हो यिफान चार वेळा जगज्जेती झालेली आहे.

यावरून बहुतेकांना वाटतं की पोरगी फटाफट खेळते. मलाही तसंच वाटलं होतं. मग मी एक हिशोब मांडला.

अंतिम फेरीतला शेवटचा जलद डाव 75 चाली चालला. प्रत्येकीला सुरुवातीची 15 मिनिटं आणि 75 गुणिले 10 सेकंद, म्हणजे आणखी साडेबारा मिनिटं. एकूण साडेसत्तावीस मिनिटं. त्याला 75 ने भागलं की एका चालीला सरासरी 22 सेकंद. पण हा वेळ कुणी समान वाटून वापरत नाही. सुरुवातीच्या दहा-पंधरा चाली घरी शेकडो वेळा अभ्यासलेल्या असतात, त्यांना पाच-पाच सेकंदही पुरतात. तिथे वाचलेली मिनिटं डावात जिथे खरोखर अडतं तिथे खर्च करायची. एका चालीवर दोन, कधी तीन मिनिटं.

म्हणजे जलद खेळाडूचं डोकं जास्त वेगाने पळतं असं नाही. त्याने बराचसा विचार आधीच करून ठेवलेला असतो. फोनवरच्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, ताई.

आपल्या धंद्यात आणून बघू. समजा मूल तालुक्यातला एक बचत गट मोहफुलाचे लाडू करतो. ताडोबाकडच्या एखाद्या रिसॉर्टमधून फोन येतो: "200 डबे पाहिजेत, शनिवारपर्यंत, काय भाव लावाल?" या प्रश्नात नवीन काय आहे? काहीच नाही. भाव विचारला जाणार हे माहीतच होतं. मोह मार्च-एप्रिलमध्ये वेचला, वाळवला, तेव्हाच त्याची पडतळ निघालेली असते. गूळ, तीळ, शेंगदाणे, डबा, लेबल, गॅस, बायांची मजुरी आणि मोहर्लीपर्यंतचं गाडीभाडं. हे एकदा शांतपणे बसून काढा आणि 50, 200 आणि 500 डब्यांचे तीन भाव भिंतीवर लिहून ठेवा. त्याखाली सगळ्यांत कमी भाव लिहा, ज्याच्या खाली जायचंच नाही. त्याखाली ॲडव्हान्स किती घ्यायचा ते. आता फोनवर उत्तर द्यायला पाच सेकंद लागतील आणि ते उत्तर बरोबर असेल. उरलेला विचार खऱ्या अडचणीवर करा: शनिवारपर्यंत 200 डबे होतील का? धानाच्या रोवण्या चालू असल्या तर बाया येतील का? इथे मात्र बिनधास्त म्हणा, "अर्ध्या तासात फोन करतो." ती तुमची तीन मिनिटांची चाल.

आपण नेमकं उलट करतो. भाव तोंडाला येईल तो सांगतो आणि लेबलचा रंग हिरवा की पिवळा यावर आठ दिवस घालवतो.

ते दहा सेकंदही विसरू नका. चाल केली की थोडा वेळ परत मिळतो, म्हणून लांब डावातही श्वास टिकतो. धंद्यात हे काम ॲडव्हान्स करतो. प्रत्येक ऑर्डरमागे थोडे पैसे आधी हातात आले तर पुढचा माल उचलता येतो. वाढीव सेकंद नसलेल्या घड्याळावर 75 चाली खेळणं आणि एक रुपया ॲडव्हान्स न घेता वर्षभर माल पुरवणं, दोन्हीत दम लागतो.

आता दिव्याच्या सुधारणेबद्दल. मला सर्वात शिकण्यासारखी वाटली ती हीच गोष्ट.

तिची ओळख आक्रमक खेळाडूची. मोहरा बळी देऊन समोरच्या राजावर चाल करून जायचं, पटावर गुंतागुंत वाढवायची, म्हणजे घड्याळ चालू असताना समोरच्याला कोडी सोडवावी लागतात. लोकांना हाच खेळ आवडतो. पण बटुमीतले आकडे बघा. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिच्याविरुद्धचा विजय 101 चालींचा. अंतिम फेरीतला पहिला जलद डाव 81 चालींचा, बरोबरीत. दुसरा 75 चालींचा. यातला एकही डाव झटपट हल्ल्याचा म्हणता येणार नाही. हे डाव शेवटपर्यंत रेटलेले आहेत, पटावर थोडेच मोहरे उरलेले असताना, ज्याला एन्डगेम म्हणतात तिथपर्यंत.

शेवटच्या डावात ती काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. हंपीकडे वेळ कमी उरला होता आणि त्या घाईत तिच्या चुका झाल्या. पण दिव्याच्याही झाल्या. जिंकता येण्यासारखी स्थिती एकदा हातातून सुटली, मग हंपीची पुन्हा चूक झाली आणि डाव दिव्याकडे आला. जिंकल्यावर ती रडली, आईला मिठी मारली, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. त्यानंतर ती जे म्हणाली त्याकडे फार लोकांचं लक्ष गेलं नाही. एन्डगेम अजून शिकायला हवा, अशा अर्थाचं ती बोलली. विश्वचषक हातात आहे, ग्रँडमास्टरचा किताब मिळाला आहे आणि ती आपल्या कच्च्या विषयाचं नाव घेते.

त्यानंतर तिने काय केलं? सप्टेंबर 2025 मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत महिला विभागाऐवजी ती खुल्या विभागात खेळली. तिथे तिच्यापेक्षा भारी रेटिंगचे खेळाडू होते. पुढे गोव्याच्या विश्वचषकातही खुल्या गटात उतरली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. नावाला धक्का लागेल म्हणून ती घरी बसली नाही. मार खाल्ल्याशिवाय कच्ची जागा कळत नाही, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

धंद्यातला एन्डगेम कोणता? माल पोचवणं आणि पैसे हातात येणं. आपल्याकडे ओपनिंग सगळ्यांची झकास असते. फ्लेक्स लागतो, नारळ फुटतो, पाहुणे येतात, पेढे वाटले जातात. डाव हरतो तो शेवटी, वसुलीत.

मी स्वतः असाच हरलो आहे. प्रशिक्षणात यायच्या आधी मी बांबूच्या वस्तू करून घ्यायचो. एका कार्यक्रमाच्या आयोजकाकडून 400 स्मृतिचिन्हांची ऑर्डर आली. फोनवर दोन मिनिटांत मी 180 रुपये भाव सांगितला आणि स्वतःवर खूश झालो, काय वेगाने धंदा करतो आपण! कारागिरांचे पैसे दिल्यावर कळलं की एक नग मला 171 रुपयांना पडला, गाडीभाडं सोडून. ॲडव्हान्स मागायला लाज वाटली. कागदावर काहीच नव्हतं. 72,000 रुपये यायला सात महिने लागले आणि तोपर्यंत कारागिरांची मजुरी चुकवायला बायकोची पाटली गहाण पडली होती. ती सोडवताना जे व्याज भरलं त्यात सगळा नफा गेला, वर खिशातलेही गेले. बायको आजही कुणी "फटाफट" हा शब्द उच्चारला की माझ्याकडे बघते.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती, ती तुम्ही आज लिहून घ्या. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, तुम्ही माल तयार करत असाल किंवा सेवा देत असाल, आणि उद्यम नोंदणी असेल, तर 2006 चा एमएसएमई कायदा तुमच्या वसुलीच्या बाजूने आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार असला तरी 45 दिवसांच्या वर मुदत नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते. फक्त दुसऱ्याचा माल आणून विकत असाल तर हा लाभ मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. भांडण झाल्यावर नोंदणी करायला धावू नका. आणि बिल, चलन, माल मिळाल्याची सही या तीन कागदांशिवाय कायदा तरी काय करणार?

एक सावधगिरीची गोष्ट. बुद्धिबळात समोरचा हरला की आपण जिंकतो. धंद्यात गिऱ्हाईक हरलं तर ते पुन्हा येत नाही. तेव्हा घड्याळाचा भाग घ्या, समोरच्याला कोंडीत पकडण्याचा भाग पटावरच राहू द्या.

आता गृहपाठ. बुद्धिबळपटू डाव संपल्यावर चाली मांडून बघतात, कुठे किती वेळ गेला तेही. आपण एक साधी वही करायची. पंधरा दिवस, रोज रात्री दहा मिनिटं. त्या दिवशी घेतलेला प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहायचा. समोर त्याला लागलेला वेळ. त्याच्यापुढे, हा प्रश्न आधी कधी आला होता का, हो किंवा नाही. पंधरा दिवसांनी "हो" असलेल्या ओळींवर खूण करा. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदाच ठरवून भिंतीवर लावायची. "नाही" असलेल्या ओळी मोजा, त्या थोड्याच निघतील. वेळ त्यांना द्यायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर येणं लिहा: कुणाकडून, किती, कोणत्या तारखेपासून. दर सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्या पानावरचे दोन फोन करायचे. माझ्या त्या पानावर सध्या एकच नाव आहे, ब्रह्मपुरीकडचं, 3,400 रुपये, बावीस दिवस झाले. सोमवारी त्यांना फोन करतोय.