रद्दीतला इतिहास : बायकांच्या मताचे कागद

सेमिस्टर संपलं की आपल्या होस्टेलची रद्दी किलोवर जाते. मी मात्र रद्दीतून एक वेगळाच माल वेचतो : स्त्रियांच्या मताधिकाराशी संबंधित छापील कागद. पत्रकं, परिषदांचे अहवाल, जुन्या मतदार याद्या. इंग्लंड-अमेरिकेत अशा पोस्टरांचे लिलाव होतात. आपल्याकडे त्यांत शेंगदाणे बांधले जातात!

‘आपल्याकडे होतं काय?’ असं कुणी विचारेल. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे यांनी चळवळ केली आणि १९२१ साली तिथल्या स्त्रियांना मत मिळालं. अर्थात मालमत्तेच्या अटीमुळे मोजक्याच जणींना. नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापती झाल्या. जुलै १९४२ मध्ये इथेच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली आणि कायदेमंडळात राखीव जागांची मागणी झाली.

मतदार यादी का जपायची? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली. कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ अशी नोंद केली होती. यात तेव्हाचा मध्य प्रदेशही होता, आणि त्याची राजधानी होती आपलं नागपूर. म्हणजे त्या यादीत बाईचं नाव असणं हाच एक पुरावा आहे.

आता थोडं इंजिनिअरिंग. स्वस्त कागदात लिग्निन असतं. उजेडाने ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि सेल्युलोजचे धागे तुटतात. नागपूरचा उन्हाळा हे काम आणखी लवकर करतो. म्हणून :

१. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डाग पडतो.
२. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, सपाट, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवा.
३. दोन्ही बाजूंचे फोटो काढा.
४. कागद कुठून, कुणाकडून मिळाला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा. ही चिठ्ठी नसेल तर अर्धा इतिहास गेला समजा.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी असेच विखुरलेले कागद आणि बायकांच्या आठवणी जमवून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. तेव्हा सुट्टीत घरी गेलात की आजीची पेटी तिच्या परवानगीने उघडून बघा. आणि कागदाआधी तिलाच विचारा, ‘आजी, तू पहिलं मत कधी टाकलंस?’ ते उत्तर रद्दीतही मिळणार नाही.